क्रूझवर जाताना रोख पैसे किती न्यावेत? (सिंगापूर–पेनांग–फुकेत, सहा जण)

सायली_कर्वेनगर

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत आम्ही सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझला निघालोय. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक, सासू-सासरे आणि माझी आई. सासऱ्यांची पंचाहत्तरी, हे निमित्त. दोन दिवस आधी सिंगापूर, मग जहाज. दुसऱ्या दिवशी पेनांग, तिसऱ्या दिवशी फुकेत, चौथा दिवस नुसता समुद्र, पाचव्या दिवशी सकाळी परत सिंगापूर.

विमान, हॉटेल, केबिन सगळं झालं. अडलंय ते रोख रकमेवर. बाबा (सासरे) एसटीच्या हिशेब खात्यात पस्तीस वर्षं होते. त्यांचं म्हणणं, परक्या मुलखात कार्ड बंद पडलं तर कोणाच्या तोंडाकडे बघायचं? माणशी पाचशे डॉलर तरी खिशात हवेत. नवरा म्हणतो, जहाजावर रोख घेतच नाहीत, सगळ्यांचे मिळून पन्नास डॉलर नेले तरी पुष्कळ. जेवणं झाली की रोज टेबलावर वही निघते आणि आकडे मांडले जातात. मी मध्ये.

अमेरिकी डॉलर न्यायचे, सिंगापूरचे की थायलंडचे (फुकेत) बाट आणि मलेशियाचे (पेनांग) रिंगिटही इथूनच घ्यायचे? टिपा कशा द्यायच्या? ज्येष्ठ मंडळींकडे वेगळे पैसे द्यावेत का? शुक्रवारी फॉरेक्सवाल्याकडे जायचंय, त्याआधी जाणकारांनी सांगा.

दीपस्तंभ

आम्ही हाच मार्ग गेल्या वर्षी केला. जहाजावर रोख लागत नाही, तुमच्या यजमानांचं बरोबर आहे. चेक-इनला तुमचं क्रेडिट कार्ड जोडून घेतात आणि प्रत्येकाला एक कार्ड देतात. तेच खोलीची किल्ली, तेच पाकीट. कॉफी, फोटो, दुकान, सगळं त्यावर चढतं आणि शेवटच्या रात्री हिशेब येतो.

पण पन्नास डॉलर फार कमी. जहाजावरून उतरलात की रोखीचंच जग आहे. फुकेतला टुकटुकवाला कार्ड घेत नाही.

तांबडा_पांढरा

काय नाय होत ताई. जावा बिनधास्त. काकांना पंचाहत्तरीच्या शुभेच्छा!

अनुजा_न्यूजर्सी

सायली, आम्ही कॅरिबियनला दोनदा आणि अलास्काला एकदा गेलो, अलास्काला आई-बाबांना घेऊन. अलास्कात जूनो काय, केचिकान काय, कार्डावर सगळं भागलं. रोख फक्त टिपांना लागली. बहामाजमध्ये उलट. नासाऊच्या बाजारात बायका गवताच्या टोप्या-टोपल्या विकतात, तिथे रोखच बोलते. बहामाजचा डॉलर अमेरिकी डॉलरला एकास एक बांधलेला, त्यामुळे आपले डॉलर आनंदाने घेतात, पण सुटे परत देताना कधी कधी त्यांच्या नोटा देतात. जहाजावर परतल्यावर त्या नोटांचं काय करायचं? माझ्याकडे अजून तीन आहेत, मुलीच्या वहीत चिकटवल्यात.

तेव्हापासून घरातून निघतानाच एक-एक आणि पाच-पाचच्या नोटा घेते. एकूण किती नेले यापेक्षा सुटे किती नेले याने जास्त फरक पडतो. शंभराची नोट काढली की दुकानदार सुटे नाहीत म्हणतो आणि आपण दहाची वस्तू वीसला घेऊन येतो.

हिशेबनीस

फॉरेक्सच्या धंद्यात बरीच वर्षं काढली म्हणून नियमांचं तेवढं लिहितो.

परदेशी चलनाच्या नोटा एका प्रवाशाला एका दौऱ्यासाठी ३,००० अमेरिकी डॉलरइतक्याच मिळतात, बाकीचं कार्डावर. त्यामुळे बाबांचे माणशी पाचशे नियमात अगदी आरामात बसतात. रुपये रोख देऊन चलन घ्यायचं तर ५०,००० रुपयांपर्यंत, त्यापुढे चेक किंवा बँकेतून. पॅन कार्ड आणि पासपोर्ट सोबत न्या, पावती जपून ठेवा. भारतीय रुपये बाहेर नेताना माणशी २५,०००ची मर्यादा आहे.

परत आल्यावर उरलेलं चलन १८० दिवसांच्या आत परत द्यायचं असतं, पण २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येतात. परदेशी नाण्यांना तर मर्यादाच नाही. लेकीला नाणी जमवायची आवड असेल तर खुशाल जमवू द्या.

आता सल्ला. बाट आणि रिंगिट पुण्यातून घेऊ नका. मागणी कमी असलेल्या चलनाचा भाव इथे मारक असतो. सिंगापूर डॉलर घ्या, आणि तिथे लिटल इंडियात मुस्तफा सेंटरपाशी मनी चेंजरची रांग आहे, तिथून बाट-रिंगिट घ्या. पाच मिनिटांचं काम. दोन-तीन काउंटरचे भाव विचारा आणि मगच नोटा काढा. आणि इथून नोटा घेताना करकरीत घ्या. दुमडलेली, शिक्का मारलेली किंवा कोपरा फाटलेली डॉलरची नोट बाहेरचे चेंजर परत सारतात.

मुळामुठा

हिशेबनीस यांना अनुमोदन. आणखी एक. कार्ड दिलं की यंत्रावर विचारतं, रुपयांत भरायचं की तिथल्या चलनात? रुपये दिसले की जीव हुरळतो आणि आपण रुपये दाबतो. दाबायचं नाही! रुपयांचा तो भाव दुकानदाराच्या बाजूने ठरतो आणि आपलाच महाग पडतो. कायम तिथलं चलन निवडायचं. आपल्या बऱ्याच क्रेडिट कार्डांवर परदेशी व्यवहाराला साडेतीन टक्क्यांच्या आसपास आकार आणि त्यावर जीएसटी असतो, तोही आधी बघून ठेवा. काही कार्डांवर तो नसतो. सहलीला तसं एखादं काढून घ्यावं.

निशिगंध

कार्डाबद्दल माझा वाईट अनुभव लिहिते, म्हणजे इतरांचं नुकसान टळेल. आम्ही जहाजाच्या काउंटरवर क्रेडिट कार्डाऐवजी प्रीपेड फॉरेक्स कार्ड दिलं. वाटलं, पैसे आधीच भरलेत, तेवढेच कापतील. पण ते लोक रोज एक रक्कम अडवून ठेवतात. प्रत्यक्षात खर्च झाला ऐंशी डॉलर, आणि अडकले तीनशेच्या वर. फुकेतला एटीएममध्ये कार्ड घातलं तर शिल्लक अपुरी! अडकलेली रक्कम सुटायला घरी आल्यावर दोन आठवडे गेले. नियमानेच चाललं होतं सगळं, पण आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा जहाजाला क्रेडिट कार्डच द्या. फॉरेक्स कार्ड बंदरासाठी ठेवा.

सायली_कर्वेनगर

बाप रे निशिगंध, आम्ही अगदी हेच करणार होतो. नवऱ्याने कालच फॉरेक्स कार्डात पैसे भरलेत. खूप खूप आभार.

बाबांना हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. २५,०००, १८० दिवस, २,००० डॉलर हे आकडे त्यांनी वहीत उतरवून घेतले. विचारताहेत की क्रेडिट कार्ड न देता जहाजावर रोखच जमा करता येते का?

दीपस्तंभ

येते. बहुतेक जहाजांवर गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर रोख अनामत ठेवता येते. खर्च त्यातून वजा होतो, उरलेले शेवटच्या रात्री परत देतात. फक्त त्या रात्री रांग मोठी असते. बाबांना बरं वाटत असेल तर त्यांच्या कार्डावर शंभर डॉलर रोखीने भरून द्या. रांगेत त्यांच्याबरोबर उभे राहा म्हणजे झालं.

केळफूल

लेकीच्या कार्डाकडे लक्ष असू दे! आमच्या भाच्याने व्हिडिओ गेमच्या खोलीत दोन दुपारी कार्ड घासून नव्वद डॉलर उडवले. त्याला वाटलं, किल्ली आहे, किल्लीला कुठे पैसे पडतात? बिचाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पहिल्याच दिवशी काउंटरवर सांगून मुलांच्या कार्डाची खरेदी बंद करता येते किंवा मर्यादा घालता येते.

अभिजित_ठाणे

टिपांचं कोणी बोललं नाही. हा सगळ्यात मोठा आकडा आहे आणि लोक तोच विसरतात. माणशी रोज १६ ते २० अमेरिकी डॉलर धरा, लहान मुलांचेही. तुम्ही सहा जण चार रात्री. अठराने गुणलं तरी ४३२ डॉलर! आपोआप खात्यावर चढतात. मी काउंटरवर जाऊन ती टिप काढून टाकायला लावली आणि ज्यांनी खरंच सेवा दिली त्यांच्या हातात रोख दिली. तेच योग्य, असं माझं मत.

तारवटी_वेंगुर्ला

अभिजित, राग मानू नका, पण हे मी लिहिल्याशिवाय राहणार नाही.

मी नऊ वर्षं जहाजावर होतो. आधी डेकवरच्या उपाहारगृहात ताटं उचलायला, मग डायनिंगला सहायक वेटर. आमच्या वेंगुर्ला-सावंतवाडीकडून आणि गोव्यातून घरटी एक माणूस बोटीवर असायचा. गोव्यात त्याला तारवटी म्हणतात, तेच नाव मी इथे घेतलंय.

तुम्हाला दिसतो तो वेटर आणि खोली आवरणारा. तो हसतो, तुमचं नाव लक्षात ठेवतो, टॉवेलचा हत्ती करून पलंगावर ठेवतो. पण तुमच्या चादरी खाली तळमजल्यावर धुणारा, बुफेची ताटं घासणारा, रात्री दोन वाजता जिने पुसणारा तुम्हाला चार दिवसांत एकदाही दिसत नाही. खात्यावर चढणाऱ्या टिपेत त्या न दिसणाऱ्यांचाही वाटा असतो. ती काढून टाकली आणि दिसणाऱ्या दोघांना दहा-दहा डॉलर दिले, की बाकीच्यांच्या हातातून तेवढे गेले. सहा-सहा, नऊ-नऊ महिन्यांचा करार, मध्ये आठवड्याची सुट्टी म्हणून नसते. टिप म्हणजे वरकमाई नाही हो, त्यातच घर चालतं.

सायलीताई, ती टिप आधीच भरून टाका, बुकिंगच्या वेळी भरता येते. टूर कंपनीकडून घेतलं असेल तर बहुतेक पॅकेजमध्ये धरलेली असते, पावती बघा. मग वर मनात आलं तर खोली आवरणाऱ्याला आणि जेवणाच्या टेबलावरच्या दोघांना शेवटच्या संध्याकाळी पाकिटात घालून द्या. दहा दिले तरी चालतात, वीस दिले तर आनंदच. पाकिटावर त्याचं नाव लिहा.

एकदा सोलापूरच्या एक आजी माझ्या टेबलावर होत्या. नावाच्या पट्टीवरून ओळखलं त्यांनी. शेवटच्या रात्री पाच डॉलरची नोट घडी घालून हातात दिली आणि पिशवीतून शेंगांच्या चटणीची पुडी काढली. म्हणाल्या, पैशाचं काय, हे खा, घरची आठवण येत असेल. ती पुडी मी केबिनमध्ये महिनाभर पुरवून खाल्ली. बोटीवरच्या भाताला काय चव आली होती तिने!

अनुजा_न्यूजर्सी

तारवटी, वाचून डोळे भरून आले. टेबलावरच्या मुलांना घरी कोण कोण आहे विचारायचं, एवढं आम्ही आता नेहमी करतो.

अभिजित_ठाणे

तारवटी, राग कसला. मला खरंच वाटायचं की ही टिप कंपनीच्या खिशात जाते. चादरी धुणाऱ्याचा विचार डोक्यात आला नव्हता. पुढच्या वेळी काढणार नाही.

शिरीषकाका

धागा वाचताना भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकण बोटीची आठवण झाली. आज पोरं क्रूझ क्रूझ म्हणतात, आम्ही शाळेच्या सुट्टीत आगबोटीने रत्नागिरीला आजोळी जायचो. डेकवर सतरंजी पसरायची, ट्रंक उशाला. बोट काही थेट धक्क्याला लागायची नाही, खोल पाण्यात उभी राहायची. मग होड्या यायच्या, पडाव म्हणायचे त्यांना. हेलकाव्यात खलाशी बायकांना आणि पोरांना अलगद उचलून पडावात घ्यायचे.

आई निघताना पदराच्या टोकाला चिल्लर बांधून ठेवायची. उतरलं की खलाशाच्या हातावर काही ठेवायचं असायचं. त्या गाठीला आम्ही हात लावायचा नाही, कितीही लिमलेटच्या गोळ्या दिसल्या तरी. आता फुकेतला म्हणे मोठी बोट अशीच खोल पाण्यात थांबते आणि छोट्या बोटीने किनाऱ्याला नेतात. म्हणजे पडावच की!

दीपस्तंभ

अगदी बरोबर काका. पातोंगच्या किनाऱ्याला टेंडर बोटीने उतरवतात. नंबराचं तिकीट घेऊन बसायचं, आपला नंबर आला की बोटीत. सायलीताई, ज्येष्ठांना घेऊन पहिल्या बोटींत जाऊ नका, गर्दी असते. तासाभराने जा. पेनांगला मात्र जहाज थेट जॉर्ज टाउनच्या स्वेटनहॅम धक्क्याला लागतं, चालत बाहेर पडलं की गाव. तिथे सायकल रिक्षावाले उभे असतात, आम्हाला तासाला ४० रिंगिट पडले. क्वीन स्ट्रीटवर महामारिअम्मनचं देऊळ आहे, १८३३ मधलं, आणि आजूबाजूला सगळी लिटल इंडिया. केळीच्या पानावर जेवण मिळतं. शाकाहारी मंडळींची सोय तिथेच करा. पेनांग हिलची रेल्वे परदेशी माणसाला आम्ही गेलो तेव्हा ३० रिंगिट होती. सहा जणांचे तिथेच १८० होतात, आणि येण्याजाण्यात वेळही जातो. एका दिवसात सगळं करू नका.

रानजाई

फुकेतची गोष्ट. किनाऱ्यावर माझ्या यजमानांच्या हातातून शंभर बाटची नोट वाऱ्याने उडाली. त्यांनी पटकन पाय ठेवून ती दाबली, आपण करतो तसं. आमचा ड्रायव्हर एकदम दचकला, वाकला, त्यांचा पाय हाताने बाजूला केला आणि नोट उचलून कपाळाला लावल्यासारखी करून परत दिली. मग कळलं, नोटेवर राजाचं चित्र असतं, त्यावर पाय म्हणजे मोठा अपमान. ड्रायव्हर रागावला नाही, पण यजमानांना दिवसभर चुटपुट लागून राहिली. लेकीला आधीच सांगून ठेवा.

आणि तिकडच्या एटीएममधून थोडे थोडे काढू नका. परदेशी कार्डाला दरवेळी २२० बाट वेगळे कापले आमचे, पाचशे काढा की पाच हजार. सिंगापूरहून बाट घेऊन जाणंच बरं.

सायली_कर्वेनगर

किती माहिती देताय सगळे! टिपेचं पाहिलं, आमच्या पॅकेजमध्ये नव्हती. काल भरून टाकली. तारवटी, तुमची पोस्ट बाबांनी दोनदा वाचायला लावली.

आता एक नाजूक गोष्ट विचारते. आईला वेगळे पैसे देऊ केले तर ती नको म्हणते. मला कशाला, तुम्ही आहातच की. सासूबाईंचंही तेच. खरंच नको असेल तर आग्रह करावा का? तीन पाकिटं म्हणजे हरवण्याची भीतीही तीनपट.

केळफूल

द्या. नक्की द्या. नको म्हणाल्या तरी द्या.

माझी आई आमच्याबरोबर युरोपला आली होती, जहाजानेच, इटली आणि ग्रीस. पैसे सगळे माझ्याकडे. नेपल्सला तिला एक छोटी कात्री आवडली, भरतकामाची, पितळी दांड्यांची. दोनदा हातात घेतली, दोनदा ठेवली. मी जावयाशी बोलत पुढे गेले होते. आठ-नऊ युरोंची वस्तू, पण त्यासाठी लेकीला हाक मारायची, जावयाने पाकीट काढायचं, हे तिला नको वाटलं. मला हे कळलं पुण्यात आल्यावर सहा महिन्यांनी, सहज बोलताना. म्हणाली, एक कात्री राहिली बघ तिथे.

तिने आयुष्यभर स्वतःच्या पगाराचे पैसे मोजून खर्च केले. आणि परदेशात मी तिला मुलीसारखं बोटाला धरून फिरवलं. तिकडे शौचालयालासुद्धा एक युरोचं नाणं लागतं, त्यासाठीही ती मला विचारायची. अजून मनाला लागतं ते.

निशिगंध

केळफूलला शंभर टक्के अनुमोदन. हरवले तर हरवले. पाचशे बाट म्हणजे दीड हजार रुपयेही नाहीत.

हिशेबनीस

ही बाजू मी इतक्या वर्षांत काउंटरवर बसून कधी लक्षात घेतली नव्हती. लोक यायचे, घरातला एक माणूस सगळ्यांच्या पासपोर्टवर चलन घ्यायचा आणि एकाच पाकिटात कोंबून न्यायचा. सायली, शुक्रवारी जाताना तीन वेगळी पाकिटं मागून घ्या.

डॉ_मनवा

रोख किती यावर चर्चा छान झाली, पण अडीअडचणीच्या पैशांचं राहिलं. माझ्या वडिलांना जहाजावर दुसऱ्याच रात्री ताप आणि उलट्या सुरू झाल्या. जहाजावर डॉक्टर असतात, उपचार उत्तम केले, सलाइन लावलं. बिल काही शे डॉलर झालं आणि ते थेट खोलीच्या खात्यावर चढलं. प्रवास विमा होता, पण विम्याचे पैसे घरी आल्यावर, कागद दिल्यानंतर मिळतात. तिथे आपणच भरायचे. तेव्हा जोडलेल्या क्रेडिट कार्डाची मर्यादा पुरेशी आहे ना, हे निघण्यापूर्वी बघा. तिघं ज्येष्ठ आहेत, विमा काढताना रक्तदाब-मधुमेह लपवू नका, दावा तिथेच अडतो.

शिवाय दोनशे-तीनशे अमेरिकी डॉलर वेगळ्या पाकिटात ठेवा, ज्याला हात लावायचा नाही. शिरीषकाकांच्या आईच्या पदराची गाठच ती. बंदरावर उशीर झाला आणि जहाज सुटलं तर ते तुमच्यासाठी थांबत नाही. तेव्हा हे पैसे, दुसरं एक कार्ड आणि पासपोर्टची प्रत अंगावर हवी, खोलीच्या तिजोरीत नव्हे.

अभिजित_ठाणे

आणि घड्याळ! थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे आहे. जहाज आपली वेळ बदलेलच असं नाही. जहाजाची वेळ धरून चाला, मोबाइलची नको.

तांबडा_पांढरा

ताई, जाऊन आल्यावर हिशेब टाका इथं. आमी पण दिवाळीला आईबापाला घेऊन निघालोय.

सायली_कर्वेनगर (पाच आठवड्यांनी)

आलो! उशीर झाला, पण कबूल केलं होतं तसा हिशेब देते. तांबडा_पांढरा, हे तुमच्यासाठी.

इथून नेले ३०० अमेरिकी डॉलर नोटांत, तेही बहुतेक पाच-दहाच्या, आणि ७०० सिंगापूर डॉलर. बाकी दोन क्रेडिट कार्डं आणि फॉरेक्स कार्ड. मुस्तफापाशी बाबा स्वतः चार काउंटरवर भाव विचारून आले आणि तिसऱ्याकडे परत गेले. ५०० रिंगिट आणि ५,००० बाट घेतले.

पेनांगला तीन सायकल रिक्षा तासभर, १२० रिंगिट. केळीच्या पानावरचं जेवण सहा जणांचं ११०. दुपारी चेंडोल नावाचा गारेगार पदार्थ ३०. एक सारोंग ६०. देवळात दहा. पेनांग हिल सोडली, दीपस्तंभ यांचं ऐकलं ते बरं झालं, सासूबाईंचे गुडघे तेवढ्यातच बोलायला लागले होते. फुकेतला व्हॅन चार तासांसाठी १,८०० बाट, आधी २,५०० सांगत होता. शहाळी सहा, ३६० बाट. वाट छालोंगच्या देवळात १००. ड्रायव्हरला वर २००.

तिन्ही ज्येष्ठांना प्रत्येकी ५० रिंगिट आणि ५०० बाट, वेगळ्या पाकिटांत. पाकिटांवर लेकीने रंगीत पेनने नावं लिहिली. रिंगिट २० उरले, बाट हजाराच्या थोडे वर. जहाजावर पाकिटं देताना ८० डॉलर गेले. खोली आवरणारा फिलिपिन्सचा होता, दोन मुलींचे फोटो दाखवले त्याने. उरलेले २२० डॉलर डॉ_मनवा यांनी सांगितल्याप्रमाणे न उघडता परत आले. खोलीच्या खात्यावर वायफाय, फोटो आणि लेकीची सरबतं मिळून २१२ डॉलर, कार्डावर. बाबांनी काउंटरवर स्वतःजवळचे वेगळे शंभर डॉलर भरले होते, त्यातले ८८ परत मिळाले. त्यांनी ते दोनदा मोजले आणि वहीत नोंदले.

केळफूल, तुमच्यासाठी एक. फुकेतला बाजारात आई दिसेना. पाच मिनिटं माझा जीव वर-खाली. मागे जाऊन बघते तर ती एका म्हातारीच्या गाड्यापाशी उभी, गाड्यावर विणलेल्या छोट्या पिशव्या. भाषा कळत नव्हती, तर दोघी कॅलक्युलेटरवर आकडे दाबून एकमेकींना दाखवत होत्या. ती म्हातारी १८०, आई १२०. मग १६०. मग १४०. दोघी हसत होत्या. मी जवळ गेले नाही, खांबाआड थांबले. शेवटी १४० ला ठरलं. आईने पाकीट उघडलं, नोटा मोजल्या, दोन्ही हातांनी दिल्या. पिशवी माझ्यासाठी घेतली होती.

केळफूल

सायली, काय लिहू. दोनदा वाचलं. आईला माझा नमस्कार सांग.

तांबडा_पांढरा

लय भारी ताई. हिशेब उतरून घेतला. आमी चौघं, तुमच्या दोन तृतीयांश धरतो. सुट्या नोटा आणि वेगळी पाकिटं दोन्ही करतो.

शिरीषकाका

ते चेंडोल काय असतं? आमच्या सौ. विचारताहेत, संकष्टीला चालेल का?

सायली_कर्वेनगर

नाही हो काकू, नारळाचं दूध, माडाचा गूळ आणि बर्फ इथपर्यंत ठीक, पण त्यातल्या हिरव्या शेवया तांदळाच्या पिठाच्या असतात आणि तळाशी राजमा. दुसऱ्या दिवशी खा, फार छान लागतं.